टर्बो डिझेल गाडीचा व्हिस्कस फॅन काढून मोठा रेडिएटर आणि दोन इलेक्ट्रिक फॅन बसवायचे आहेत. किती सीएफएमचे घ्यावेत?

तुमची जीप २.५ लिटर टर्बो डिझेल. एसी लावून घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो, आणि गॅरेजवाला म्हणतोय की व्हिस्कस (म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, सिलिकॉन ऑइलच्या क्लचचा फॅन) काढू, ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर टाकू, १२ इंची दोन इलेक्ट्रिक फॅन मारू. तुम्ही विचारलंय एवढंच की सीएफएम किती, म्हणजे फॅनने मिनिटाला किती घनफूट हवा ओढावी. सांगतो. पण हाच उद्योग मी स्वतःच्या पैशाने करून बसलोय, त्यामुळे जरा लांबेल.

माझी गाडी पजेरो एसएफएक्स, २००६ चं मॉडेल, हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातली. इंजिन ४एम४०, २,८३५ सीसी. बॉनेटवरचा तो नाकपुडा इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) हवा द्यायला आहे, रेडिएटरला नाही, हे मी आजवर ५० जणांना तरी सांगितलं असेल. २०१६ साली सेकंडहँड घेतली. पहिली दोन वर्षं काटा मधल्या रेघेच्या खाली, कधी हलला नाही. मग भाचीचं लग्न निघालं. साताऱ्याचे दाजी म्हणाले, पाव्हणेमंडळींची ने-आण करायला मोठी गाडी पाहिजे. दिली. दोन महिने गाडी त्यांच्याकडे होती. परत आली ती धुऊन-पुसून, डिझेल भरून. त्या बाबतीत माणूस एक नंबर.

त्यानंतर काट्याचं वागणं बदललं. सकाळी गाडी तापायला अर्धा तास, आणि खंबाटकी चढताना मात्र काटा रेघ ओलांडून वर. मी ठरवून टाकलं की रेडिएटर गेला. आणि खरंच, तो गाळाने अर्धा चोंदला होता, कारण लग्नाच्या धावपळीत कुणीतरी कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालत होतं. रेडिएटर साफ करून घेतला असता तर भागलं असतं. पण मी तेव्हा रात्री बारापर्यंत परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघत होतो. व्हिस्कस फॅन इंजिनाची ताकद खातो, तो काढा, इलेक्ट्रिक लावा, ॲव्हरेज वाढेल, आवाज जाईल. पुण्यातल्या एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमचा जाड कोअरचा (आतल्या जाळीचा) रेडिएटर करून घेतला, १२ इंची दोन फॅन बसवले. सगळं मिळून ३४,००० रुपये. गाडी इतकी शांत झाली की मी मित्रांना बॉनेटला कान लावायला सांगायचो.

मे २०१९. हर्णैहून परत येताना आम्ही पोलादपूरवरून आंबेनळी घाट धरला. दाजी, ताई, मी, बायको, मागे आंब्यांच्या पेट्या. तो घाट ज्यांनी उन्हाळ्यात दुपारी चढलाय त्यांना कळेल. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, आणि ही सगळी चढण चाळीसेक किलोमीटरच्या आत. वळणं अशी की तिसरा गिअर टिकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३,००० आरपीएमला, टर्बो पूर्ण लोडवर, आणि गाडीचा वेग मात्र जेमतेम. वर दुपारचा वारा कोकणाकडून, म्हणजे पाठीमागून. समोरून ग्रिलमध्ये हवा शिरते म्हणतात ना, ती तिथे नसतेच. जी काय हवा ओढायची ती फॅननेच.

वाडा कुंभरोशीच्या अलीकडे काटा लाल पट्ट्याला टेकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण चालू केला (मे महिन्यात, पाच माणसं नसली तरी चार आणि आंबे), तरी उतरेना. बाजूला घेतली. दोन्ही फॅन जीव तोडून फिरत होते. दाजी टॉवेल ओला करून रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले.

"दाजी, झाकणाला हात लावू नका."

"आरं, पानी वतल्याशिवाय थंड व्हायचं कसं?"

"आत प्रेशर आहे. भाजाल."

झाकण ०.९ बारचं असतं तेव्हा निम्मं कूलंट, निम्मं पाणी सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. दाजी पटून नव्हे, ताई ओरडली म्हणून थांबले.

थोड्या वेळाने मी हाताची मागची बाजू रेडिएटरजवळ नेली. आणि तिथे मला ३४,००० रुपयांचा हिशेब कळला. फॅनच्या समोर दोन गोल भाग कोमट. चारही कोपरे आणि मधली पट्टी अशी तापलेली की हात जवळ धरवत नव्हता. म्हणजे माझा मोठा रेडिएटर अर्धाच काम करत होता. मूळ फॅनभोवती प्लास्टिकचं कवच असतं, श्राउड, ते फॅब्रिकेटरने "आता याची गरज नाही" म्हणून काढून टाकलं होतं. फॅन थेट कोअरवर प्लास्टिकच्या काड्यांनी टाचले होते. श्राउड नसेल तर फॅन आपल्यापुरत्या वर्तुळातूनच हवा ओढतो, आणि उरलेल्या जागेतून इंजिनाची गरम हवा उलटी पुढे येते. तुम्ही या उत्तरातलं एवढं एकच वाचणार असाल तर हे वाचा: श्राउड नसेल तर सीएफएमचा आकडा नुसता खोक्यावर छापायचा.

दुसरं म्हणजे ताकदीचं गणित, जे व्हिडिओवाले सांगत नाहीत. १२ इंची बरा फॅन १५ ते २० अँपिअर घेतो. १३ व्होल्टला २० अँपिअर धरले तर २६० वॅट. दोन मिळून ५२०, म्हणजे पाऊण हॉर्सपॉवरसुद्धा नाही. पट्ट्यावरच्या व्हिस्कसचा क्लच तापून लॉक झाला की तो इंजिनाकडून कैक हॉर्सपॉवर घेतो. "खातो, खातो" म्हणतात, पण खाऊन करतो काय? तेवढी हवा ओढतो! हवा फुकट हलत नाही. शिवाय घाटात इंजिन ३,००० ला गेलं की व्हिस्कसही त्याच्याबरोबर वेग घेतो. इलेक्ट्रिक बिचाऱ्याला घाट काय आणि सिग्नल काय, सारखंच. म्हणून ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीला इलेक्ट्रिक भारी पडतो आणि चढावर व्हिस्कस. तुमची तक्रार चढाची आहे.

पुण्याला आल्यावर सगळं खोललं. वायरिंग बघून अंगावर काटा आला. दोन्ही फॅनना मिळून घरातल्या पंख्याला वापरतात तसली १.५ स्क्वेअरची वायर, फ्यूज बॅटरीपासून हातभर लांब, रिलेचा सॉकेट एका बाजूने तपकिरी होऊन मऊ झालेला. फॅनचं अर्थिंग चक्क रेडिएटरच्या कानाला. मल्टीमीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब नुसती कूलंटमध्ये बुडवली, तर फॅन चालू असताना ०.४ व्होल्ट. ॲल्युमिनियमला हे विष आहे, आतून भोकं पडतात. आणि ज्या प्लास्टिकच्या काड्यांनी फॅन टाचले होते त्यांतल्या एकीने हादऱ्यांनी फिन्स घासून ट्यूबपर्यंत मजल मारली होती, तिथे हिरवा ओघळ.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बघावा म्हणून त्याचं घर उघडलं. आत काही नाही. रिकामं.

मी त्याच रात्री साताऱ्याला फोन लावला. दाजी शांतपणे म्हणाले, "मीच काढायला लावला की. लग्नात गाडी तापायला नको म्हणून. आमच्या अँबेसेडरला ३० वर्षं थर्मोस्टॅट नव्हता, कुठं काय झालं?"

यावरून आमचं जे जुंपलं ते अजून चालू आहे, आणि मी इथे लिहून ठेवतो म्हणजे लिंक पाठवता येईल. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते ही समजूत चुकीची आहे. इंजिन तापायला उशीर लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते, हे तर आहेच. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडताना ती चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नाही म्हटल्यावर बायपास सताड उघडा, आणि निम्मंशिम्मं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे इंजिनात फिरत राहतं. सपाटीला चालून जातं. लोड आला की गाडी तापते. थंड सकाळी तापत नाही आणि घाटात थंड होत नाही, हे माझ्या गाडीचं लक्षण तंतोतंत तेच होतं, आणि मी रेडिएटरमागे लागलो होतो.

दिवाळीला दाजी आले तेव्हा जुना थर्मोस्टॅट मला मागच्या सीटखाली, हत्यारांच्या पिशवीत सापडला होता. टाकला नव्हता त्यांनी. मी पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, थर्मामीटर सोडला, गॅस लावला. त्याच्यावर कोरलेल्या आकड्यापाशी तो उघडायला लागला, गॅस बंद केल्यावर बंद झाला. म्हणजे काढला तेव्हा चांगला होता! दाजींनी चष्मा लावून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "पातेल्यात उघडतोय. घाटात काय करतो ते कुणी बघितलंय?" ताईला फक्त एवढंच दिसलं की पातेलं दुधाचं होतं.

आता माझ्या गाडीत नवा थर्मोस्टॅट आहे, नवा व्हिस्कस क्लच आणि मूळ श्राउड परत आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर वेल्ड करून तसाच ठेवला, तो चांगला निघाला, त्याच्यावर राग नाही. एक इलेक्ट्रिक फॅन एसीच्या कंडेन्सरपुढे ठेवलाय, ट्रॅफिकपुरता. आंबेनळी त्यानंतर तीनदा चढलो, त्यातल्या एकदा मे महिन्यातच.

तेव्हा आधी तुमचा व्हिस्कस जिवंत आहे का बघा. इंजिन गार आणि बंद असताना फॅन हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. दोन-तीन फेऱ्या भिरभिरला किंवा क्लचवर तेलकट धूळ चिकटली असेल तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. क्लच बदला, इलेक्ट्रिकपेक्षा स्वस्तात सुटाल. सकाळी गार इंजिनाचा वरचा होज पाइप दाबून बघा. रात्रभर उभी राहून तो कडक असेल तर हेड गॅस्केट तपासा, मग फॅन-रेडिएटर सगळं विसरा. तुमच्या जीपला इंटरकूलर पुढे असेल तर रेडिएटरला कंडेन्सर आणि इंटरकूलर या दोघांनी गरम केलेली हवा मिळते. त्या तिघांच्या फटींत अडकलेली माती आणि किडे आधी धुवा.

एवढं करूनही इलेक्ट्रिकच लावायचे असतील तर हे घ्या. आकडा बघायचा तर चांगल्या कंपनीचे मिळून २,५०० ते ३,००० सीएफएम. पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो, कोअरसमोर पुष्कळ घसरतो. मी सीएफएमपेक्षा अँपिअर बघतो. १२ इंची फॅन ७ अँपिअर घेऊन २,००० सीएफएम देतो म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. पूर्ण कोअर झाकणारं श्राउड करून घ्या. प्रत्येक फॅनला वेगळा ४० अँपिअरचा रिले, वेगळा फ्यूज बॅटरीला लागून, ६ स्क्वेअरची वायर, अर्थिंग थेट बॅटरीला. थर्मोस्विच थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा १० अंश वर चालू होणारा. फॅन बसवल्यावर ग्रिलपुढे वर्तमानपत्राचं पान धरा. ते आत चिकटलं पाहिजे. माझा एक फॅन पहिले दोन दिवस उलटा फिरत होता, दोन वायरी अदलाबदल झाल्या की तसं होतं, आणि आवाजावरून अजिबात कळत नाही.

हे सगळं गाडीच्या लांबीत उभ्या बसवलेल्या इंजिनाच्या, पट्ट्यावर फॅन असलेल्या गाड्यांचं. आडव्या इंजिनाच्या कारला कंपनीकडूनच इलेक्ट्रिक असतो, तिथे माझं भाषण लागू नाही. आणि नदी-ओढ्यांत गाडी घालत असाल तर इलेक्ट्रिकचा एक खरा फायदा आहे, पाण्यात शिरण्याआधी बटणाने बंद करता येतो. हे मी दाजींसमोर कबूल करत नाही.

गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी मात्र थर्मोस्टॅटचं घर उघडून आत बघा. दोन-तीन बोल्टचं काम आहे. रिकामं निघालं, तर मध्यंतरी गाडी कुणाकडे होती ते आठवा.