वाचकांचे प्रश्न : डॉसनचा मुक्काम आणि सोनं रोळणं

प्रश्न : जुलैत मुलीकडे कॅनडाला जात आहोत. व्हाइटहॉर्सहून गाडीने डॉसन सिटी आणि पुढे अलास्का असा बेत आहे. डॉसनला एक रात्र पुरेल का? तिथल्या ओढ्यात अजून सोनं सापडतं म्हणतात. आम्हाला काढता येईल? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन रात्री ठेवा. व्हाइटहॉर्स ते डॉसन साधारण ५३० किलोमीटर, पहिला दिवस गाडीतच जातो. वस्ती तुरळक, मोबाइलची रेंजही गावांपुरतीच. टाकी अर्ध्यावर आली की दिसेल त्या पंपावर भरा. डॉसनपाशी युकॉन नदीवर पूल नाही. दाभोळ-धोपावेसारखी गाड्या नेणारी फेरीबोट आहे, उन्हाळ्यात दिवसरात्र चालते आणि तीही फुकट. पलीकडचा रस्ता मात्र बराचसा खडीचा, आणि सरहद्दीवरची चौकी रात्री बंद. रात्री अकराला लख्ख उजेड असतो, त्याला फसू नका. अलास्काचं घड्याळ तासाने मागे. अमेरिकेचा व्हिसा लागेलच. भाड्याच्या गाडीच्या करारात खडीच्या रस्त्याला परवानगी आहे का, तेही आधी वाचा.

आता सोनं. ऑगस्ट १८९६ मध्ये ज्या ओढ्यात ते सापडलं आणि जग धावत सुटलं, तो बोनान्झा गावाजवळच आहे. तिथला 'क्लेम नंबर ६' पर्यटकांसाठी मोकळा (क्लेम म्हणजे सोनं काढायला आखून दिलेला जमिनीचा तुकडा). पसरट तसराळं, म्हणजे पॅन, आपलं न्यायचं. कृती तांदूळ रोळण्याचीच. पॅन अर्धा-पाऊण वाळूखडीने भरून पाण्यात बुडवा, मातीची ढेकळं बोटांनी फोडा, मोठे दगड धुऊन टाका. मग पॅन आडवा धरून पाण्याखालीच डावी-उजवीकडे जोरात हलवा. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. त्यामुळे सोनं तळाला बसतं. त्यानंतरच पॅन पुढे कलता करून वरची वाळू पाण्याबरोबर जाऊ द्या. हलवणं आणि कलणं आळीपाळीने. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ती थोड्या पाण्यात हळू फिरवली की कडेला पिवळा कण दिसतो, दिसलाच तर.

चुका दोनच. घाईने आधीच कलतं करणं. आणि तेलकट हात: खोबरेल किंवा सनस्क्रीन लागलं की बारीक वर्ख पाण्यावर तरंगून निघून जातो. पॅन भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्या. सराव घरीच होईल: तुमच्याकडच्या किनाऱ्यावरची काळी वाळू पांढरीपेक्षा जड असते, परातीत वेगळी करून बघा.

परतताना ड्रेज नंबर ४ बघा. बादल्यांच्या साखळीने ओढ्याचा तळ उपसणारं हे लाकडी सांगाड्याचं अजस्र यंत्र १९५९ पर्यंत चालू होतं.

प्रश्न : डॉसनच्या फोटोंत जुनी घरं कलंडलेली दिसतात. पाया कच्चा होता का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : पाया नव्हे, जमीनच. आपण कातळावर चिऱ्याचं जोतं घालतो. तिथे खाली बारमाही गोठलेली माती आहे. चुलीची ऊब जमिनीत उतरली की बर्फ वितळतो, तोही कुठे जास्त कुठे कमी, आणि घर एका अंगाला बसतं. तिसऱ्या अव्हेन्यूवर अशा इमारती एकमेकींवर रेललेल्या आहेत. आता घरं लाकडी ठोकळ्यांवर उचलून खाली वारा खेळता ठेवतात, कललं की जॅक लावून पुन्हा ओळंब्यात आणतात.