लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगावची वर्षे आणि दोन भावांचे घर

कष्टाळू अभियंता, उद्योजक आणि मोठ्या कुटुंबाचा कर्ता पुरुष या तिन्ही नात्यांनी ज्याचे स्मरण करावे असा आपल्या भागातला माणूस कोण, आणि त्याचे नेमके काय आठवावे, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा असून उद्यमबाग या येथील औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकामाशी संबंधित व्यवसायात आयुष्य घालवलेले असल्यामुळे माझे उत्तर लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हेच आहे. मात्र त्यांची कथा बहुधा किर्लोस्करवाडी या त्यांच्या कारखान्याच्या वसाहतीपासून सांगितली जाते, ती मला बेळगावपासून सांगावीशी वाटते, कारण हा माणूस घडला तो येथे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचाही ओढा प्रथम कलेकडेच होता. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, परंतु काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. यंत्रकामाची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. जे शिकले ते रेखाटनाच्या फळ्यावर, हाताने यंत्रे उघडून पाहताना आणि अमेरिकन यंत्रविषयक मासिके वाचून. नोकरीत हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी मुंबई सोडली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

आता कर्त्या पुरुषाविषयी. लक्ष्मणरावांना सर्रास कुटुंबप्रमुख म्हटले जाते आणि किर्लोस्करवाडीत लहानथोर त्यांना 'पपा' म्हणत हे खरे आहे. पण ज्या काळात त्यांचा धंदा उभा राहिला त्या काळात घरातले वडीलधारे होते ते त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा. 1888 साली या भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. धाकटा भाऊ मुंबईहून सायकली पाठवी आणि थोरला त्या विके. नुसत्या विकतच नसे, तर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवी. सायकल ही त्या वेळी चैनीची वस्तू होती, त्यामुळे गिऱ्हाईक मोजके होते. दुकानाच्या परिसरातल्या रस्त्याला आमच्याकडे आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पेढीचे नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स' असे पडले, आणि माझ्या मते त्या नावात या घराचा स्वभाव पुरेपूर उतरला आहे. धाकट्याच्या डोक्यात यंत्र फिरत असे, तर माणसे जोडणे आणि घर चालवणे थोरल्याने अंगावर घेतले होते. म्हणूनच लक्ष्मणरावांचे स्मरण करताना रामुअण्णांना तळटीपेत टाकणे मला अन्यायाचे वाटते.

सायकलींच्या दुकानामागोमाग लहानशी कर्मशाळा आली, तीत कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. या नांगराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे अभियंता आणि व्यापारी या दोघांचीही परीक्षा झाली. लाकडी नांगर जमीन नुसती चिरत जातो. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा कापलेली माती उचलून पालथी घालतो, त्यामुळे तण गाडले जाते, हरळीच्या मुळ्या उघड्या पडून उन्हाने वाळतात आणि खालची माती वर येते. परंतु यासाठी त्या पत्र्याचा बाक अचूक असावा लागतो, अन्यथा माती त्याला चिकटून बसते आणि बैलांना ओढ जड जाते. फाळाची गोष्ट तर याहून अवघड आहे. तो मऊ असला तर काही दिवसांत झिजतो आणि फार कठीण ओतला तर दगडाला लागून तुकडा पडतो. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ओतकाम केलेल्या माणसाला ही ओढाताण सांगावी लागत नाही. आज आम्ही धातूची चाचणी करून मिश्रण ठरवतो. तशी कोणतीही सोय नसताना आणि कच्चे लोखंड मिळवण्यापासून सगळी तयारी करायची असताना बेळगावसारख्या गावात हे काम अंगावर घेणे म्हणजे काय, याचा अंदाज मला माझ्या धंद्यामुळे थोडाफार येतो.

नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता आणि पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. या समजाला हसणारे लोक मला आवडत नाहीत. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर आहे त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे यात गैर काय? किर्लोस्कर बंधूंनी तो संशय गृहीत धरला आणि धीर सोडला नाही.

याच सुमारास बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून त्यांना कर्मशाळा हलवण्यास सांगितले. ती नवी वस्ती म्हणजे ठळकवाडी, आजची टिळकवाडी. शहरातून उद्यमबागेतल्या कारखान्यांकडे जाताना आम्ही रोज ती ओलांडतो, आणि ज्या शहराने आपला पहिला कारखानदार उठवला त्यानेच पुढे कारखान्यांसाठी स्वतंत्र वसाहत थाटली हे मनात येतेच. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मात्र जागा आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. कुंडल रोड स्थानकाजवळच्या, निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

किर्लोस्करवाडीची कथा सर्वांना ठाऊक असल्याने तिच्यातील एकच गोष्ट सांगतो. वसाहतीची आखणी आणि देखरेख रामुअण्णांकडे होती, कर्मशाळा शंभूराव जांभेकरांकडे आणि हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. यांतले कोणी मोठ्या पदव्यांचे धनी नव्हते. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले, आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. पुतणे शंकरराव यांचा कल चित्रे आणि लेखन यांकडे होता. त्यांना लोखंडाला जुंपण्याऐवजी त्यांच्या हाती 1920 साली कारखान्याचे वार्तापत्र आले आणि त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक वाढले. रंग न ओळखणाऱ्या डोळ्यांमुळे स्वतःला एक वाट सोडावी लागलेला माणूस दुसऱ्याची कागदावरची पात्रता विचारत बसला नाही, असा मी याचा अर्थ लावतो. हा अर्थ माझा आहे, त्यांनी तसे कोठे म्हटले आहे असा दावा नाही.

कर्तेपणाची दुसरी कसोटी म्हणजे पुढच्या पिढीला जागा करून देणे. चिरंजीव शंतनुराव 1926 साली अमेरिकेच्या एम. आय. टी. तून पदवी घेऊन परतले आणि कारखान्यात रुजू झाले. त्यानंतर 1941 मध्ये हरिहरला यंत्रनिर्मितीचा कारखाना निघाला, 1946 मध्ये बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला तेल इंजिनांचा. भाषेच्या सीमारेषेच्या दोन्ही अंगांना या घराचे उद्योग पसरले, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांच्या विशेष लक्षात राहते. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव वारले आणि 1 नोव्हेंबरला त्यांचा जन्मजिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे ते कोणाचे, असा वाद अधूनमधून निघतो. आपण कधी बेळगावला आलात तर त्या वादात न पडता आधी किर्लोस्कर रोड पाहा, मग टिळकवाडीतून तिसऱ्या रेल्वे गेटमार्गे उद्यमबागेत या. एखादी भट्टी चालू असेल तर बिडाचा रस साच्यात ओतताना दाखवण्याची व्यवस्था मी करीन.