हावियेर सोलाना खरंच युरोपीय संघाचे परराष्ट्रमंत्री होते का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीला विरोध करणाऱ्या स्पेनच्या समाजवादी पक्षाचे सोलाना नाटोचेच सरचिटणीस कसे झाले, आणि पुढे ते 'युरोपचे परराष्ट्रमंत्री' होते का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नव्हते. असं पदच तेव्हा नव्हतं.

आता नाटोचं. मे १९८२ मध्ये आधीच्या सरकारने स्पेनला नाटोत नेलं, तेव्हा समाजवादी पक्ष ठाम विरोधात होता. ऑक्टोबरमध्ये त्या पक्षाचे नेते फेलिपे गोन्सालेस निवडणूक जिंकले, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले सोलाना सांस्कृतिक मंत्री झाले आणि सत्तेत आल्यावर पक्षाचा सूर बदलला. १२ मार्च १९८६ ला सार्वमत झालं. प्रश्न होता, नाटोत राहायचं का. पण तीन अटींवर: नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेत जायचं नाही, देशात अण्वस्त्रं येऊ द्यायची नाहीत, अमेरिकेचं सैन्य हळूहळू कमी करायचं. कौल होकाराचा आला. सोलाना तेव्हा सरकारचे प्रवक्ते होते, त्यामुळे बदललेली भूमिका लोकांपुढे मांडणं त्यांच्याच वाट्याला आलं. मी याला संधिसाधूपणा म्हणणार नाही. भूमिका बदलली आणि त्यावर मतदारांचा कौलही घेतला.

१९९२ पासून ते स्पेनचे परराष्ट्रमंत्री होते. १९९५ मध्ये नाटोचे सरचिटणीस विली क्लास यांना लाच प्रकरणामुळे पद सोडावं लागलं. त्या जागेसाठी नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान लुबर्स यांचं नाव अमेरिकेला चाललं नाही, डेन्मार्कचे माजी परराष्ट्रमंत्री एलमन-येन्सन यांचं फ्रान्सला. सोलाना सगळ्यांना चालले. १९९९ ची नाटोची कोसोव्हो मोहीम, युगोस्लाव्हियावरचे ७८ दिवसांचे हवाई हल्ले, त्यांच्याच कारकिर्दीत झाली, तीही संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविना. त्यावरची टीका आजही रास्त वाटते.

ऑक्टोबर १९९९ ला ते युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरणासाठीचे 'उच्च प्रतिनिधी' झाले. घोळ इथेच होतो: याच पदाला लोक परराष्ट्रमंत्रिपद समजतात. ते मंत्रिपरिषदेचे, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या मंडळाचे, सरचिटणीसही होते, पण परराष्ट्र मदतीचा पैसा युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेतले परराष्ट्र संबंधांचे आयुक्त आधी पॅटन आणि मग फेरेरो-वाल्डनर यांच्याकडे. धोरणावरचा निर्णय सगळ्या सदस्य देशांच्या एकमताने, आणि बैठकीचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी नव्या देशाकडे. २००३ मध्ये इराकवरून सदस्य देश फुटले तेव्हा त्यांना संघाच्या नावाने बोलायला काही उरलंच नाही.

देश एकमतात असले की मात्र हेच पद कामाचं ठरायचं. मॉन्टेनेग्रो बघा. मार्च २००२ मध्ये सोलानांनी बेलग्रेडमध्ये सर्बिया-मॉन्टेनेग्रोचा संयुक्त देश जुळवून दिला; तीन वर्षांनी बाहेर पडण्याची मुभा ठेवून. लोक त्या देशाला चेष्टेने 'सोलानिया' म्हणायचे. २००६ च्या सार्वमताआधी त्यांचे दूत मिरोस्लाव लायचाक यांनी नियम ठरवून घेतला: किमान निम्मं मतदान आणि त्यातली ५५ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने. साधं बहुमत नको, कारण निकालानंतर हरलेली बाजू रस्त्यावर उतरली असती. २१ मे ला ५५.५ टक्के पडली. उंबरठा जेमतेम दोन हजार मतांनी ओलांडला गेला. तरी नियम दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेला होता, म्हणून वेगळं होणं शांततेत झालं.

परराष्ट्र धोरण आणि त्याचा पैसा या दोन खुर्च्या संघाच्या लिस्बन कराराने एक केल्या, १ डिसेंबर २००९ ला. त्याच दिवशी सोलाना पायउतार झाले आणि कॅथरिन अ‍ॅश्टन आल्या. त्या एकत्र केलेल्या खुर्चीवर पुढे २०१९ ते २०२४ दुसरे स्पॅनिश माजी परराष्ट्रमंत्री बसले: जोसेप बोरेल.