ऑस्ट्रेलियात पेट्रोल स्वस्त का होत नाही?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मेलबर्नच्या एका उपनगरात राहतो. दोघांनाही कामावर गाडीनेच जावे लागते. कच्चे तेल उतरल्याच्या बातम्या आम्ही वाचतो, पण पंपावरचा भाव फारसा हलत नाही, उलट मध्येच दोन-तीन दिवसांत लिटरमागे ३०-४० सेंटांनी चढतो. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात तेल निघते, जिलाँगला रिफायनरीही आहे. मग हा भाव ठरवते तरी कोण? सरकारचा कर की कंपन्यांचा नफा?
— एक वाचिका, मेलबर्न

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत. भावाची एकंदर पातळी चढी का राहते, ही पहिली तक्रार. तिचे उत्तर बहुतांशी सिंगापूर आणि राजधानी कॅनबेरा येथे सापडते. भाव अचानक उसळी का घेतो, ही दुसरी. तिचे उत्तर मात्र आपल्या शहरातल्या पंपांवरच आहे.

पंपाच्या फलकावर लिटरला १९० सेंट असा भाव आहे असे समजू. त्यातला एक-अकरांश, म्हणजे सुमारे १७ सेंट, हा १० टक्के जीएसटी. इंधनावरील उत्पादन शुल्क वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, महागाईनुसार वाढते आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते लिटरला ५० सेंटांच्या पुढे गेले. जीएसटी या शुल्कावरही बसतो, म्हणजे करावर कर. दोन्ही मिळून ६७-६८ सेंट सरकारकडे जातात. उरलेल्या १२२ सेंटांतला सर्वांत मोठा वाटा तयार पेट्रोलच्या आंतरराष्ट्रीय भावाचा असतो, आणि जहाजाचे भाडे, साठवणूक, टँकरची वाहतूक, पंपाचा खर्च व सर्वांचा नफा हे त्याच्यानंतर येते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बातम्यांमध्ये सांगतात तो कच्च्या तेलाचा भाव, आणि ऑस्ट्रेलियात पेट्रोलचा घाऊक भाव ठरतो तो सिंगापूरच्या बाजारातील तयार पेट्रोलच्या भावावरून. हे दोन भाव बहुधा बरोबरीने चालतात, पण नेहमीच नाही. आशियातील रिफायनऱ्यांची क्षमता कमी पडली, तर कच्चे तेल उतरूनही पेट्रोल चढेच राहते. शिवाय हे सारे व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये होत असल्यामुळे ऑस्ट्रेलियन डॉलर घसरला की तेलाची उतरण त्यातच जिरून जाते. जे काही उरते ते पंपापर्यंत पोहोचायला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात.

देशात तेल निघते हे खरे, परंतु त्यातले बरेचसे निर्यात होते आणि देशाची गरज मुख्यतः आयात पेट्रोलवर भागते. सिडनीतील क्लाइड (२०१२) आणि कर्नेल (२०१४), ब्रिस्बेनमधील बल्वर आयलंड (२०१५), आणि २०२१ मध्ये पर्थजवळची क्विनाना व मेलबर्नची आल्टोना, अशा रिफायनऱ्या एकामागून एक बंद पडल्या. आता आपल्या जवळची जिलाँगची आणि ब्रिस्बेनमधील लिटन अशा दोनच उरल्या आहेत. त्यांतून निघणारे पेट्रोलही आयात मालाच्या भावाशी बांधलेल्या दरानेच विकले जाते, कारण परदेशातून तोच माल त्या भावाने आणता येत असताना कोणताही उत्पादक तो घरच्या गिऱ्हाइकाला स्वस्त देत नाही. म्हणून जिलाँग हाकेच्या अंतरावर असूनही मेलबर्नकराच्या खिशाला त्याचा फारसा लाभ होत नाही.

कराविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने २००१ मध्ये शुल्काची महागाईशी असलेली सांगड तोडली, ती २०१४ मध्ये पुन्हा घातली गेली, आणि मधल्या काळात शुल्क ३८ सेंटांच्या आसपासच गोठलेले होते. २०२२ च्या मार्चअखेरीस सरकारने ते सहा महिन्यांपुरते निम्मे केले, तेव्हा लोकांना खरोखरच दिलासा मिळाला; पण सप्टेंबरच्या शेवटी सवलत संपली आणि बोजा पूर्वीसारखाच झाला. विकसित देशांच्या ओईसीडी गटात ऑस्ट्रेलियाचे पेट्रोल स्वस्तात मोडते, आणि त्याचे मुख्य कारण युरोपच्या मानाने कमी असलेला करच आहे. अर्थात, ज्या उपनगरात बस अर्ध्या-पाऊण तासाने येते तिथल्या कुटुंबाला या तुलनेचे समाधान वाटावे, अशी अपेक्षा मी करणार नाही. त्यांना गाडी टाळताच येत नाही, आणि मागणी अशी अडकलेली असते तेव्हा विक्रेत्यावर भाव उतरवण्याचा दबावही कमी असतो.

आता त्या उसळीकडे वळू, कारण माझ्या मते आपला राग खरा येथेच रास्त आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेड आणि पर्थ या पाच शहरांत पेट्रोलचा भाव फेऱ्यांनी चालतो : काही दिवसांत झपाट्याने चढतो आणि मग थोडाथोडा उतरत राहतो, बहुतेक शहरांत अनेक आठवडे. कॅनबेरा, होबार्ट आणि डार्विनमध्ये असे फेरे दिसत नाहीत, यावरूनच लक्षात येते की त्यांचे मूळ घाऊक भावात नाही. स्पर्धा व ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, वारंवार स्पष्ट सांगितले आहे की हे फेरे किरकोळ विक्रेत्यांच्या भाव ठरवण्याच्या धोरणातून निर्माण होतात. पण आयोग भाव ठरवू शकत नाही. १९९८ नंतर पेट्रोलच्या भावावर सरकारी नियंत्रण नाही. एकाने भाव वाढवला आणि ते पाहून दुसऱ्याने वाढवला, एवढ्याने कायदा मोडत नाही. त्यासाठी संगनमत सिद्ध व्हावे लागते. पंपांचे भाव ताबडतोब कंपन्यांना कळवणाऱ्या एका सेवेविरुद्ध आयोग २०१४ मध्ये न्यायालयात गेला होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तीच माहिती ग्राहकांनाही खुली करण्याचे ठरले.

या बाबतीत पश्चिम ऑस्ट्रेलियाचा नियम मला सर्वांत न्याय्य वाटतो. तिथे २००१ पासून ‘फ्युएलवॉच’ योजनेखाली पंपचालकाला दुसऱ्या दिवशीचा भाव आदल्या दुपारी २ वाजेपर्यंत कळवावा लागतो आणि सकाळी ६ पासून २४ तास तो बदलता येत नाही. त्यामुळे फेरे थांबलेले नाहीत, पण उद्या भाव चढणार हे आजच कळते आणि माणूस संध्याकाळी टाकी भरून घेऊ शकतो. हीच योजना देशभर लागू करण्याचा पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारचा प्रयत्न २००८ मध्ये सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, हाणून पाडला. आपल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने २०२५ च्या जानेवारीत याच धर्तीची योजना जाहीर केली. तिची अंमलबजावणी काटेकोर व्हावी यासाठी ग्राहकांनी आवाज उठवत राहिले पाहिजे.

तोवर एवढे करता येईल : सगळीकडचा भाव एकाच दिवशी चढत नाही. पहिल्या काही पंपांचे फलक बदललेले दिसले की त्याच दिवशी, अजून न चढलेल्या पंपावर टाकी भरून घ्यावी. ५० लिटरच्या टाकीवर ४० सेंटांचा फरक म्हणजे २० डॉलर होतात, आणि दोन गाड्यांच्या घरात ही रक्कम किरकोळ नाही.

प्रश्न : ९८ ऑक्टेनचे पेट्रोल ९१ पेक्षा बरेच महाग असते. हा फरक कराचा आहे का? आणि ई-१० घेतल्याने खरोखर बचत होते का?
— एक वाचक, सिडनी

उत्तर : कराचा नाही. उत्पादन शुल्क ९१, ९५ आणि ९८ या तिन्हींवर लिटरमागे सारखेच आहे. उच्च ऑक्टेनचे, म्हणजे इंजिनात दाबाखाली अकाली न पेटणारे, पेट्रोल तयार करायला काहीसा जास्त खर्च येतो, पण पंपावरचा फरक त्याहून मोठा असतो, म्हणजे विक्रेत्यांना त्यात नफा अधिक मिळतो. गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा माहितीपुस्तिकेत किमान किती ऑक्टेन हवे ते लिहिलेले असते. तिथे ९१ लिहिलेले असेल, तर ९८ साठी पैसे मोजण्याचे कारण नाही; ९५ लिहिलेले असेल, तर मात्र खाली उतरू नये.

ई-१० मध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याची ऊर्जा कमी असल्यामुळे गाडीला सुमारे ३ टक्के इंधन जास्त लागते. साधे पेट्रोल १९० सेंटांना असेल, तर ई-१० किमान ५-६ सेंटांनी स्वस्त असल्याशिवाय हाती काही उरत नाही, आणि आपली गाडी ई-१० वर चालवण्याजोगी आहे की नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते, विशेषतः ती जुनी असेल तर.