पाहुण्यांना नाशिक दाखवताना

कुंभमेळा नि द्राक्षं पाहुण्यांना ठाऊकच असतात, त्यावर भाषण नको. सकाळी लवकर पांडवलेणी गाठ. उन्हं चढली की पायऱ्यांवरच दम निघतो. चोवीसही लेणी फिरवायची हौस नको. 3 क्रमांकाच्या लेण्यात निवांत थांब: व्हरांड्याखाली तुळया खांद्यावर पेलणारे यक्ष दाखव, भिंतीवरचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगणारा ब्राह्मी लेखही. लेणी बौद्ध आहेत, पांडव फक्त नावात, हेही सांगून टाक. मग मिसळ. तर्री वेगळी मागव, नाहीतर परगावचे पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या शोधतात. काळाराम मंदिरात 1930 च्या, डॉ. आंबेडकरांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचा विषय काढ. सीतागुंफेत वाकून शिरावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांना आधी विचार. पावसाळ्यात आले तर द्राक्षांचे मळे कशाला? त्र्यंबकला ने.