‘क्रॅम्प्ड’ म्हणजे नेमकं काय? ‘क्राउडेड’ऐवजी तो वापरता येतो का?

बहुतेक वेळा नाही. क्राउडेड म्हटलं की माणसांची गर्दी आली. क्रॅम्प्डला माणसं लागतातच असं नाही. रिकाम्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं होऊन जावं लागत असेल, तर ती खोली क्रॅम्प्ड. उलट भरगच्च मैदान क्राउडेड असतं, त्याला कुणी क्रॅम्प्ड म्हणत नाही.

या शब्दाचं मर्म मला वाटतं शरीरात आहे. पायात गोळा येतो त्याला इंग्रजीत ‘क्रॅम्प’ म्हणतात. हे विशेषण त्याच घराण्यातलं. त्यामुळे जागा लहान आहे एवढंच सांगून ते थांबत नाही, तिथे अंग आखडतं, हातपाय पसरता येत नाहीत, हेही त्यात येतं. विमानात गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसलेला माणूस ‘आय फेल्ट क्रॅम्प्ड’ म्हणू शकतो. आपण ‘अवघडून बसलो होतो’ म्हणतो, अगदी तसं. जागेबद्दल बोलताना मराठीत अडचणीची, दाटीवाटीची असे शब्द जवळचे. ‘कोंदट’ मात्र नको. तो हवेचा दोष आहे आणि त्यासाठी इंग्रजीत ‘स्टफी’ आहे.

ठरलेल्या जोड्या लक्षात ठेवल्यात तर वापर आपोआप जमेल: क्रॅम्प्ड रूम, क्रॅम्प्ड ऑफिस, क्रॅम्प्ड कंडिशन्स, क्रॅम्प्ड क्वार्टर्स. वाक्यात ‘द किचन इज स्मॉल अँड क्रॅम्प्ड’ किंवा ‘वी आर अ बिट क्रॅम्प्ड इन हिअर’. घराच्या जाहिरातीत मात्र हा शब्द शोधू नका, तिथे तीच खोली ‘कोझी’ होते! अक्षरालाही तो लागतो. ‘क्रॅम्प्ड हँडरायटिंग’ म्हणजे बारीक, एकमेकांना चिकटलेलं, गिचमीड अक्षर.

खरा घोटाळा होतो तो ‘क्रॅम्ड’शी. उच्चार जवळचा, अर्थही शेजारचा. क्रॅम्ड म्हणजे कोंबून भरलेलं, आणि कशानं भरलंय ते सांगायला पुढे ‘विथ’ येतं: ‘द शेल्फ वॉज क्रॅम्ड विथ बुक्स’. शेल्फ क्रॅम्ड होतं. त्या शेल्फांमुळे फिरायला जागा उरली नाही की खोली क्रॅम्प्ड होते. जागा अपुरी पडतेय असं सांगायचं असेल तर ‘क्रॅम्प्ड फॉर स्पेस’ म्हणतात.

रस्ता वाहनांनी तुंबला असेल तर ‘कंजेस्टेड’ म्हणा. चोंदलेल्या नाकालाही तोच चालतो. नाट्यगृह खचाखच भरलं असेल तर ‘पॅक्ड’. त्यात तक्रार असेलच असं नाही, आयोजक तो शब्द आनंदानं वापरतात. क्रॅम्प्डमध्ये तक्रार हमखास असते.

तुलना करायची तर ‘मोअर क्रॅम्प्ड’. आणि लिहिताना शेवटी ‘ड’ असला तरी बोलताना तो ‘ट’ होतो, ‘क्रॅम्प्ट’, जसं ‘जम्प्ड’चं ‘जम्प्ट’ होतं तसंच.