'वांशिक संघर्ष': दोन्ही शब्द फसवे

प्रश्न असा आला: 1994 मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात हुतूंच्या राजवटीत तुत्सींचं हत्याकांड झालं. दोष कोणाचा, मेले कोण, यावरून डाव्यांमध्ये जो वाद झाला, त्यावर मराठीत लिहिताना 'टोळीयुद्ध' म्हणावं की 'वांशिक संघर्ष'? आणि परकीयांच्या दखलीला 'हस्तक्षेप' की 'ढवळाढवळ'?

'टोळीयुद्ध' मुंबईच्या गुंडांसाठी राखून ठेवा. आफ्रिका म्हटली की टोळ्या, हे वर्तमानपत्री खूळ काही जात नाही. हुतू आणि तुत्सी हे रवांडातले दोन समाज एकच किन्यारवांडा भाषा बोलतात, एकाच डोंगरउतारावर शेजारी राहत, आपसांत लग्नं करत. यात टोळी कुठली?

आता 'वांशिक'. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. पेरावर पेर चढावं तशी पिढीवर पिढी, म्हणून कुळ. छपराचा 'वासा' याच 'वंशा'तून आलेला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, त्यातला तो वासा. बासरी आणि वंशलोचनही याच बेटातली. तर वंशाला एक बुंधा लागतो, आणि हुतू-तुत्सींकडे नेमका तोच नव्हता. अबेगा, अबासिंगा, अबान्यिगिन्या ही तिथली कुळं. एकाच कुळात हुतूही असत आणि तुत्सीही. गुरंढोरं वाढली, वजन वाढलं की एखादा हुतू तुत्सी होऊन जाई. त्याला 'क्विहुतुरा' असा शब्दच आहे: हुतूपण झटकून टाकणं.

रवांडावर तेव्हा राज्य करणाऱ्या बेल्जियनांनी 1933-34 च्या शिरगणतीनंतर ओळखपत्रं वाटली, त्यांवर हुतू की तुत्सी याचा रकाना ठेवला आणि ही वाट बंद केली. गंमत रकान्याच्या नावात आहे: 'उब्वोको'. हा शब्द कुळाला वापरत, आणि कशाच्याही प्रकाराला. आपण आंब्याची 'जात' म्हणतो तसा. कुळाचा शब्द उचलून हुतू-तुत्सींवर चिकटवला. 1994 मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर हाच रकाना वाचून माणसं मारली गेली. ('जातीय' मात्र लिहू नका, मराठी वाचकाला हिंदू-मुसलमान दंगलच आठवेल.)

तुत्सींना परका वंश ठरवणं ही वसाहतवादी राजवटीची करणी, हे युगांडाचे अभ्यासक महमूद ममदानी यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यांचा हवाला देऊन सगळंच बेल्जियनांच्या माथी मारणारे डावे अर्धंच वाचतात. बेल्जियन यायच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रवांडाचा राजा र्वाबुगिरी याच्या काळातच 'उबुरेत्वा' ही वेठ आली, आणि ती हुतूंच्याच मानेवर बसली.

'संघर्ष' तर त्याहून वाईट. त्यात दोन्ही बाजू आपोआप समान होतात. एडवर्ड हर्मन आणि डेव्हिड पीटरसन या डाव्या लेखकांनी 2010 साली मेलेल्यांत हुतूच जास्त होते असं मांडलं, तेव्हा ब्रिटिश पत्रकार जॉर्ज मॉन्बियोसारख्या डाव्यांनीच त्यांना झोडपलं. बरं केलं. 'तुत्सींचा वंशसंहार' असं बिनदिक्कत लिहा. वंश नसला तरी मारणाऱ्यांनी तो मानला होता, आणि शब्द त्यांच्या हेतूला लागतो.

राहिला 'हस्तक्षेप'. तो तटस्थ आहे, न्यायालयही हस्तक्षेप करतं. 'ढवळाढवळ' म्हटलं की निकाल आधीच लागला. जून 1994 मध्ये फ्रान्सने 'तुर्क्वाझ' मोहिमेत सुमारे 2,500 सैनिक उतरवले, त्याला ढवळाढवळ म्हणायला माझी हरकत नाही. हुतू राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांच्या राजवटीचे फ्रेंच हे जुने पाठीराखे. पण हत्याकांड चालू असताना संयुक्त राष्ट्रांनी 21 एप्रिलला रवांडातलं आपलं शांतिदल 270 जणांवर आणायचा ठराव केला, त्याला दोन्ही शब्द चालणार नाहीत. तिथे 'अंग काढून घेतलं' लिहा.